बाटलीवरचा नंबर

दुर्गापुरा, जयपूर

मंगळवार, 30 सप्टेंबर 2025

नातू रात्रभर खोकला. साडेतीन वर्षांचा जीव, पहाटे म्हणाला, "आजी, पोट दुखतंय." खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या त्याच्या. सकाळी शेजारच्या भाभी त्यांच्याकडची अर्धी बाटली घेऊन आल्या. सरकारी दवाखान्यातून त्यांच्या मुलीसाठी मिळालेली. प्रेमानं आणली होती म्हणून हातात घेतली, दिली मात्र नाही. लेबलवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलेलं. हे औषध मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला गप्प करतं. छातीतला कफ तसाच राहतो आणि लहान मूल गुंगीत जातं. चार वर्षांखालच्या मुलासाठी ते नाही. चौतीस वर्षं विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात काढली, एवढं तर डोळे मिटूनही कळतं.

दुपारी पेपर उघडला तर सीकरकडचं एक मूल गेलेलं, भरतपूरकडची मुलं आजारी. घरच्यांच्या तोंडी याच औषधाचं नाव. बाटली भाभींच्या घरी परत गेली होती. उठून त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या मुलीलाही देऊ नका, असं सांगून आले.

गुरुवार, 2 ऑक्टोबर. दसरा

इथे आपट्याची पानं मिळत नाहीत. शमी मात्र भरपूर, खेजडी म्हणतात तिला. जावईबापूंनी तिचीच डहाळी आणली.

राजस्थानातली मोफत औषध योजना 2011 मध्ये आजच्याच तारखेला सुरू झाली. योजनेबद्दल माझं मत चांगलंच आहे. चिठ्ठी हातात घेऊन पैसे मोजत उभी राहिलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली कितीतरी पाच दिवसांच्या गोळ्यांऐवजी दोन दिवसांच्या घेऊन जायची. फुकट औषध त्या माणसांसाठी आहे, आणि म्हणूनच ते तपासलेलं असलं पाहिजे. गरिबाला दुसरी बाटली विकत घेण्याची सोय नसते.

संध्याकाळी नागपूरहून धाकट्या बहिणीचा फोन. सोनं घ्या-द्यायचं राहिलंच. छिंदवाड्याकडची मुलं नागपूरच्या दवाखान्यांत येतायत म्हणाली, लघवी बंद झालेली. आधी ताप-सर्दी, मग उलट्या, मग मूत्रपिंडं निकामी. बहुतेक परासियाच्या बाजूची. छिंदवाडा म्हणजे आम्हाला परकं नाही. सौंसर, पांढुर्णा ही मराठी बोलणारी गावं, आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्या. तिथलं माणूस मोठं दुखणं आलं की नागपूरच गाठतं. लघवी बंद हे शब्द ऐकले आणि माझ्या मनात एकच नाव आलं. बहिणीला बोलले नाही.

शनिवार, 4 ऑक्टोबर

तेच निघालं. डायइथिलीन ग्लायकॉल. कोल्ड्रिफ नावाचं सर्दी-खोकल्याचं औषध, तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या कारखान्यात झालेलं, बॅच एसआर-13. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्यात 48.6 टक्के सापडलं. चालतं किती, तर 0.1 टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची.

मुलगी म्हणाली, "आई, असं कुणी मुद्दाम का घालेल?" तिला समजावताना मलाच नीट मांडावं लागलं. पॅरासिटॅमॉल पाण्यात पुरेसं विरघळत नाही. पातळ औषध करायचं तर त्याला प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव लागतो, दाटसर, गोडसर, बिनरंगी. डायइथिलीन ग्लायकॉलही दिसायला तसंच, चवीलाही गोडच. ते ब्रेक ऑइलमध्ये, रंगांमध्ये, कारखान्यांच्या कामात वापरतात आणि स्वस्त मिळतं. पिंप कुठून आलं, त्यात खरंच काय आहे, हे कारखान्यानं तपासलं नाही की झालं. बाकी सगळं नेहमीसारखंच होतं, तेच झाकण, तेच लेबल.

भांडारात सलाइनच्या बाटल्या आल्या की मी प्रत्येक खोक्यातली एक उचलून आधी पांढऱ्या, मग काळ्या पुठ्ठ्यासमोर धरायची. बाटली हळूच उलटी करायची, एखादा तंतू तरंगतो का बघायचं. एकदा तरंगला. मी माल अडवला. वर तीन दिवस बोलणी खाल्ली, वॉर्डात सलाइन संपत आली होती म्हणून. पण ती चूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून अडवता आली. हे ग्लायकॉल ना डोळ्यांना कळत ना नाकाला, जिभेला तर उलट आवडतंच. त्याला पकडायला यंत्रच लागतं, आणि ते यंत्र कारखान्याच्या दारात, पिंप उघडतानाच लागतं. कायद्यानं तसं सांगितलेलंही आहे. कच्च्या मालाची प्रत्येक खेप आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय बाहेर पडायची नाही.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही, याचा जास्त त्रास होतो. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकलं, शंभरावर माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. आपल्याकडे 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण गेले. मेंदूवरचा, डोळ्यावरचा दाब उतरवायला जे ग्लिसरीन पाजतात, त्यात हे भेसळलेलं होतं. मी तेव्हा डी. फार्मला होते. आमचे सर वर्गात आले, पाठ न घेता फळ्यावर फक्त त्या रेणूचं सूत्र काढलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून मंत्रालयापर्यंत कुणाची भीड ठेवली नाही. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. आमच्या पिढीला वाटलं, आता हे संपलं. त्यानंतर 1998 मध्ये गुडगाव-दिल्लीकडची मुलं गेली, 2020 मध्ये जम्मूतल्या रामनगरची, 2022 मध्ये आपल्याकडून गेलेल्या औषधांनी गांबियातली. शहरं तेवढी बदलली, मुलं त्याच वयाची.

इथली बातमी: औषध नियंत्रक निलंबित, ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन पुरवणाऱ्या जयपूरच्या कंपनीची सगळी औषधं सरकारनं थांबवली. सरकारच्या तपासणीत ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन प्रमाणित निघालं, असंही छापून आलंय. लोक दोन्ही गोष्टींची गल्लत करतायत. इथला प्रश्न भलत्या वयाच्या हाती गेलेल्या औषधाचा आहे. छिंदवाड्यात औषध म्हणून विषच दिलं गेलं. पहिली चूक डॉक्टर आणि मेडिकलवाला थांबवू शकतात. दुसरी त्यांच्या हातात नाही.

सोमवार, 6 ऑक्टोबर. कोजागिरी

काल रात्री इथल्या एसएमएस रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये आग लागली, अतिदक्षता विभागातले रुग्ण गेले. दूध आटवलं, पण गच्चीवर कुणी गेलं नाही.

महाराष्ट्राच्या एफडीएनं कोल्ड्रिफची ती बॅच वापरू नका, विकू नका, सापडली तर कळवा, असं जाहीर केलंय. मैत्रिणीनं तो कागद पाठवला. त्यात बॅच नंबर पाहून बरं वाटलं. नुसतं "खोकल्याची औषधं टाळा" म्हणून काही हाती लागत नाही.

बुधवार, 8 ऑक्टोबर

नातवाचा खोकला उतरणीला. डॉक्टरांनी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि भरपूर पाणी एवढंच सांगितलं. केंद्राची सूचना परवा वाचलीच होती: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नकोच, पाचखाली सहसा नको. लहान मुलांचा खोकला बहुतेक आपला आपण बरा होतो.

थेंब आणायला टोंक रोडच्या बाजूच्या एका मेडिकलमध्ये गेले. माझ्यापुढे एक बाई, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. "खांसी की दवा दे दो." काउंटरवरच्या पोरानं मागे वळून न बघता फळीवरची बाटली काढली. चिठ्ठी मागितली नाही, वयही विचारलं नाही. बाटलीवर क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन. ही जोडी चार वर्षांखाली देऊ नये, असा आदेश डिसेंबर 2023 पासून आहे. कोल्ड्रिफमध्येही पॅरासिटॅमॉलबरोबर हीच जोडी होती. तो आदेश पाळला असता तर छिंदवाड्याच्या कितीतरी मुलांपर्यंत ती बाटली पोचलीच नसती. हे गेले चार दिवस डोक्यातून जात नाही.

मी मध्ये बोलले. पोरगा चिडला, बाई घाबरली. फार्मासिस्ट कुठे आहेत विचारलं. भिंतीवर प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, खाली खुर्ची रिकामी. नियम सांगतो की चिठ्ठीचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या डोळ्यांदेखत द्यायचं. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायची. काही प्रतिजैविकं, झोपेची औषधं यांची तर वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं सांभाळायची. मी अशा वह्या भरल्यात. कंटाळवाणं काम आहे, बोटं दुखतात. पण उद्या एखादी बॅच वाईट निघाली तर कुणाकुणाच्या घरी जाऊन बाटली परत मागायची, हे त्या वहीशिवाय कळत नाही.

बिल मागितलं. पोरानं औषधाचं नाव आणि रक्कम एवढंच लिहून दिलं. बॅच लिहून घेतल्याशिवाय हलले नाही. बाई बाटली न घेता निघून गेली. तिनं दुसरीकडून घेतली का, कोण जाणे.

शुक्रवार, 10 ऑक्टोबर

करवा चौथ. मुलीचा उपास नाही, पण भाभींबरोबर चंद्र बघायला गच्चीवर गेली.

कोल्ड्रिफच्या कंपनीच्या मालकाला काल चेन्नईत धरलं. बरोबरच आहे. पण त्याच्या कारखान्यात शेवटचं कोण आत गेलं होतं, काय बघून बाहेर आलं, हे मला जास्त जाणून घ्यायचंय. केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी सगळ्या राज्यांना कळवलंय की पाहणीत काही कारखाने प्रत्येक खेप तपासत नसल्याचं आढळलं. माशेलकर समितीनं 2003 मध्येच सांगून ठेवलंय: 50 कारखान्यांमागे एक औषध निरीक्षक हवा, 200 दुकानांमागे एक. आमच्याकडे निरीक्षक साहेब यायचे तेव्हा चहाही घ्यायला थांबायचे नाहीत. पुढचा तालुका, पुढचं कोर्ट, कुठल्या तरी नमुन्याची साक्ष. घाईत असलेल्या माणसानं नमुने किती उचलावेत? नमुना उचलला तरी अहवाल येईपर्यंत खोकी अर्धी वाटून झालेली असायची. ते मी माझ्या हातानं वाटलेलं आहे. अहवालाची वाट बघायची सोय नव्हती. नंतर अहवाल चांगला आला की देवाला हात जोडायची. प्रत्येक वेळी चांगलाच आला. आज ते आठवून छातीत धस्स होतं.

मंगळवार, 14 ऑक्टोबर

काल जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आला, कोल्ड्रिफबरोबर गुजरातेतल्या दोन औषधांची नावं. सकाळी भाभी पुन्हा आल्या, कपाटातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून. मोरीत ओतून टाकते म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, आधी नंबर उतरवून घेऊ.

गॅलरीत बसलो. सात बाटल्या. दोन मुदत संपलेल्या, एकीचं लेबल चिकट औषधानं पुसलेलं, काहीच वाचता येईना. भाभी चष्मा लावून एकेक बाटली उन्हात धरत होत्या, मी लिहीत होते: नाव, कंपनी, बॅच, कधीची, कुणी दिली. शेवटच्या प्रश्नाला त्या दर वेळी अडायच्या. नातू शेजारी बसून रिकामी झाकणं एकावर एक रचत होता. खोकला आता फक्त पहाटे येतो.

सहा नंबर लिहिले. सातव्यापुढे रेघ मारली.