सवागीची लाही

निजामी दफ्तरांत मोमिनाबाद म्हणून नोंदलेल्या, पण गावकऱ्यांच्या तोंडी आंबेजोगाईच राहिलेल्या आमच्या गावी, सोनारकाकांच्या शेगडीपाशी बसून जोडव्यांची दुरुस्ती पाहण्यात माझ्या बालपणीच्या कितीतरी दुपारी गेल्या. सहाणेवर थेंबभर पाण्यात सवागीचा खडा उगाळून ते गंध सांध्यावर लावावे, वर डाखाचा इवलासा तुकडा ठेवावा आणि फुंकणीने ज्वाळा तिकडे वळवावी, की सवागी आधी आपल्या स्फटिकांतले पाणी सोडून ज्वारीच्या लाहीसारखी फुले आणि मग वितळून काचेसारखी नितळ होई. ‘लाही बसल्याशिवाय डाख धावत नाही, बाळ,’ काका म्हणत.

त्यांच्या सवागीला वाणी टाकणखार म्हणे. जुन्या वैद्यकग्रंथांत तिचेच नाव टंकण. कधीकाळी ती तिबेटच्या सरोवरांकाठून मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालय उतरून येई. तिच्यापासूनच होम्बर्ग या रसायनज्ञाने 1702 साली बोरिक आम्ल वेगळे केले. आमच्या कॅरमवर भुरभुरवायची पांढरी भुकटी म्हणजे हेच बोरिक आम्ल. तिच्या रेणूत बोरॉनभोवती तीन ऑक्सिजन एकाच पातळीत त्रिकोणाने बसतात; रेणू हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्यांना धरून सपाट पापुद्रे रचतात, आणि हे पापुद्रे एकमेकांना सैलच धरून असल्यामुळे सहज घसरतात; सोंगटी पळते ती त्यामुळेच.

मात्र या बोरॉनपाशी आठ इलेक्ट्रॉनांच्या जागी सहाच, म्हणजे एक जोडी उणी. इतर आम्ले पाण्यात आपला हायड्रोजन देऊन टाकतात. हे आम्ल उलट पाण्याकडूनच हायड्रॉक्सिल घेते, आणि मोकळा होतो तो पाण्याचा हायड्रोजन. देण्याने नव्हे, घेण्याने ज्याला आम्लत्व येते असा हा विरळा पदार्थ!

सोनाराच्या शेगडीवर सवागीच्या कामी येते ती बोरॉनची हीच उणीव. चांदीत मिसळलेले तांबे आचेने काळवंडते, आणि त्या काजळीवर डाख धरत नाही. वितळलेली सवागी ती काजळी, तिच्यातील ऑक्सिजनसकट, आपल्यात सामावून घेते आणि उघड्या धातूवर हवा येऊ देत नाही.

काम आटोपले की काका जोडवे चिंचेच्या पाण्यात उकळीत. काळा मळ पोटात घेतलेली ती काच तिथेच विरघळून जाई, आणि आईच्या बोटात सांधलेले जोडवे जाई तेव्हा त्यात डाख असे, चांदी असे, सवागी नसे.