न निवडलेल्या दाराचे काय?

मराठीतील ‘निवडणे’ हे क्रियापद दुतोंडी आहे. तांदूळ निवडताना नको असलेला खडा हाती येतो आणि हवे ते ताटात राहते. पाटीतले आंबे निवडताना मात्र हवे ते हाती येते आणि नको ते मागे राहते. ज्याच्यावर आम्हा वकिलांचे पोट चालते तो ‘निवाडा’ही याच कुळातला. पण मागे राहिलेल्याचे पुढे काय होते, हे एकटे क्रियापद सांगत नाही. ही उणीव किती महाग पडू शकते, हे आम्हास एका चिपविषयीच्या पेटंटने दाखवले.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त टर्नर अभियंता मुलाच्या कर्जाला जामीन राहणार होते. चिपच्या आतील चाचणीची रचना करणे हे मुलाचे काम. त्याच धर्तीचे एक पेटंट आधीच दुसऱ्याच्या नावे होते. “वकीलसाहेब, सही करतो, पण कशावर करतो ते मराठीत सांगा,” एवढेच वडिलांचे म्हणणे. आपल्याकडे पेटंटचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत दाखल होतात. तेव्हा मराठी आम्हालाच घडवावी लागली.

सर्किट बोर्डावर बसवलेली चिप बाहेरून तपासता यावी, म्हणून १९९० साली आयईईई ११४९.१ हे मानक आले. ‘जेटॅग’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात चार तारा अनिवार्य आहेत : एक घड्याळाच्या ठोक्यांची, एक अवस्था बदलणाऱ्या संकेताची, एक माहिती आत नेणारी आणि एक बाहेर आणणारी. ठोके आणि संकेत यांवर १६ अवस्थांचा एक नियंत्रक चालतो. या साऱ्याला आम्ही ‘चाचणी-द्वार’ म्हटले.

आज एकाच चिपमध्ये अनेक प्रोसेसर असतात आणि त्यांची आपापली द्वारे असतात. बाहेरच्या तारा मात्र तेवढ्याच. सगळी द्वारे एका साखळीत ओवली, तर वीज वाचवण्यासाठी एक भाग बंद करताच साखळी तुटते. म्हणून आत निवड करणारे मंडल बसवावे लागते.

आता न निवडलेल्या द्वाराच्या दोन गती होऊ शकतात. पहिलीत ते साखळीतच राहते, संकेत ऐकत राहते आणि माहितीला एका बिटाच्या आडवाटेने पुढे जाऊ देते. दुसरीत त्याच्याकडे जाणारा संकेतच अडवला जातो. ते एका अवस्थेत स्थिर राहते आणि साखळी त्याला सोडून जोडली जाते. दोन्हींना ‘वगळणे’ म्हणणे सोपे होते. आम्ही पहिलीला ‘ओलांडणे’ आणि दुसरीला ‘थोपवणे’ असे शब्द योजले.

हा शब्दच्छल नव्हे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १० प्रमाणे विनिर्देशाच्या शेवटी दावे मांडावे लागतात आणि संरक्षणाची हद्द ते दावे ठरवतात. आधीच्या पेटंटचा दावा थोपवण्याचा होता. मुलाच्या रचनेतही थोपवणेच होते. ‘वगळणे’ या ढोबळ शब्दाखाली हे साम्य झाकले गेले असते. वडिलांनी मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले, “मग आधी परवान्याचे बोलणे, नंतर सही.” मुलाचे काम काही महिने लांबले, घर मात्र गहाण पडले नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांनी म्हणूनच इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द ठेवून थांबू नये. जे निवडले त्याचे नाव सहज सापडते. जे निवडले नाही ते ओलांडले, थोपवले की टाकून दिले, हे सांगणारी क्रियापदे मराठीत मुबलक आहेत. ती वापरली, तरच सही करणाऱ्या माणसाला आपण कशाखाली नाव लिहितो ते कळते.