वरून दिसतं तेवढंच

सांगलीला आई एकटी असते, म्हणून गेल्या भेटीत फाटकावर कॅमेरा बसवून आलो. एकदा इथे न्यू जर्सीत रात्री २ वाजता फोनवर पाहतो तर काय, एक अनोळखी माणूस खांद्यावर पोतं टाकून घराबाहेर पडतोय! घाबरून शेजारच्या काकांना फोन केला. ते हसत म्हणाले, "अरे, रद्दीवाला तो! वहिनींनीच बोलावलाय."

झोप उडाली ती उडालीच. काबूल आठवलं. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीवर तासन्‌तास नजर ठेवली. गाडीत ठेवलेले पाण्याचे कॅन वरून स्फोटकांसारखे वाटले आणि क्षेपणास्त्र सुटलं. १० निरपराध माणसं गेली, त्यांत ७ मुलं. चूक कबूल झाली ती १७ सप्टेंबरला.

रीपरसारखं ड्रोन २४ तासांहून अधिक वेळ हवेत राहतं, चालवणारा हजारो मैलांवर सुरक्षित असतो. ही ताकद खरीच. पण आम्हा आयटीवाल्यांचा रोजचा अनुभव असा की, डेटा वाढला म्हणून समज वाढत नाही. मला निदान काकांना विचारता आलं. आकाशातून कोणाला विचारणार?