शिफ्ट आणि लेक्चर

आमचे अण्णा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकले. शेतात खुरपणी करून डिग्री मिळवली, हे ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगतात. मी पुण्यात बी.कॉम. करताना बर्गरच्या दुकानात लागले, तेव्हा मात्र आमच्या गावी फलटणला त्यांनी ‘पोरगी कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं. हॉटेलात उष्टी काढते असं लोक म्हणतील ना! ही योजना सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं उठताबसता नाव घेणाऱ्या घरात ही तऱ्हा.

माझी ड्यूटी फ्रायरवर असायची. बटाट्याच्या गोठवलेल्या फोडी जाळीत ओतायच्या, तेलात सोडायच्या, टायमर वाजला की उचलून झटकायच्या आणि मीठ मारायचं. ठरलेल्या मिनिटांत खपल्या नाहीत की थेट कचऱ्यात. मेसची पातळ आमटी पिऊन आलेल्या आम्हा पोरींच्या ते अगदी जिवावर यायचं, पण त्यातली एक फोडही तोंडात टाकायची सोय नव्हती. शाकाहारी बाजूच्या मुलांना हिरवे ॲप्रन. कोणी भलत्या चिमट्याला हात लावत नाही ना, हे काही गिऱ्हाइकं काउंटरवरून वाकून बघत. तेलाचा वास केसांतून जाता जात नसे. सकाळच्या लेक्चरला शेजारची मैत्रीण नाक मुरडून ‘फ्राइज आल्या’ म्हणायची.

याचं मला काही वाटलं नाही. मेसचे पैसे घरून मागावे लागत नव्हते, हे सुख मोठं होतं. डोकं फिरायचं ते रोस्टरनं. आठवड्याच्या शिफ्टा रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर पडत. सोमवारी अंतर्गत परीक्षा आहे म्हटलं की मॅनेजरचं ठरलेलं उत्तर, ‘ॲडजस्ट कर ना.’ इकडे कॉलेजला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. आणि रात्री दुकान बंद करताना आधी पंच आउट करायला लावत, मग फरशी आणि फ्रायर पुसून घेत. तो वेळ पगारात धरतच नसत.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 2025 पर्यंत दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना लागू होता. जादा कामाला दुप्पट दर, आणि तेव्हा सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी होती. रात्री साडेनऊनंतर बाईला ठेवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत सोडायची व्यवस्था हवी. हे मला नोकरी सोडल्यावर एका वकील ताईंनी सांगितलं.

अण्णांच्या वेळी कामाचे तास कॉलेज ठरवायचं, म्हणून शिकणं आधी आणि काम नंतर. आमच्याकडे तास दुकान ठरवतं आणि उरलेल्या वेळात आम्ही शिकतो. खुरपं की फ्रायर हा मुद्दाच नाही. कॉलेजांनी निदान परीक्षेचं वेळापत्रक महिनाभर आधी लावावं, म्हणजे पोरांना सुट्टी मागता येईल. आणि पोरींनो, कामाचे तास रोजच्या रोज स्वतःच्या वहीत लिहा, नेमणूकपत्र मागून घ्या, आणि पंच आउट झाल्यावर फडक्याला हात लावू नका.