लोखंडाचे पाणी

यवतमाळहून वणीकडे जाताना मारेगाव मागे पडले की रस्त्याची कळा बदलते. कपाशीची काळी जमीन तीच, पण कडेच्या झाडांच्या पानांवर कोळशाची भुकटी दिसू लागते. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांचा माल वाहणाऱ्या ट्रकांना अंत नाही. अशा ओझ्याखाली कमानीचे पाटे मोडतात. मोडका पाटा भंगारातून फिरत फिरत घिसाड्याच्या पालापुढे येऊन पडतो आणि त्याचाच पुढे विळा होतो, कुऱ्हाड होते.

मृगाच्या आधी या पालांपुढे शेतकऱ्यांची गर्दी असते. घिसाडी सांडशीत लोखंड धरतो आणि घण घालते ती त्याची बायको. मी पाहत होतो तेव्हा एकाने घरबांधणीतून उरलेली जाड पट्टी आणली होती. तिची वखराची पास करून हवी होती. घिसाड्याने पट्टीचे टोक लाल केले, पाण्यात बुडवले आणि त्यावर कानस ओढली. कानस सहज चावली.

"याले पानी धरत नाही, भाऊ. दोन दिवसांत बोथट होईन."

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. पेरणी तोंडावर आणि हातचे पैसे बियाण्याला गेलेले. शेवटी पट्टी घिसाड्याकडेच राहिली आणि थोडे पैसे वर घेऊन त्याने पाट्याच्या तुकड्याची पास करून दिली. ती पाण्यातून काढल्यावर त्याने पुन्हा जराशी शेकली. घासलेल्या कडेवर पिवळा रंग आला, सरकत सरकत जांभळा झाला, तशी त्याने ती गार केली. पिवळा म्हणजे साधारण २३० अंश, निळा म्हणजे ३००. हे रंग उन्हात कळत नाहीत, म्हणून तो पालाच्या सावलीत बसतो.

आम्ही मराठीचे मास्तर 'पाणीदार', 'पाणी जोखणे' हे शब्द वर्गात तलवारीचे नाव घेऊन समजावतो. पण पाणी असते कशात? पाण्यात नव्हे, कार्बनमध्ये. घरबांधणीच्या मऊ पोलादात तो बहुधा शेकडा पाव भागाहून कमी. कमानीच्या पाट्यात अर्ध्या भागाच्या आसपास किंवा थोडा अधिक. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने १८६० नंतरच्या दशकात पोलाद घासून, आम्लाने किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यातले दाणे माणसाला प्रथम नीट दिसले. मऊ पोलादात बहुतेक दाणे जवळजवळ शुद्ध लोखंडाचे, म्हणजे फेराइटचे असतात. मधूनमधून पर्लाइटचे काळपट, पापुद्र्यापापुद्र्यांचे. सुमारे ७२७ अंशांपुढे अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बन विरघळतो. सावकाश गार केले तर तो बाहेर पडून पुन्हा पापुद्रे धरतो. एकदम बुडवले तर त्याला निघायला सवड मिळत नाही. तो कोंडला जातो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कठीण होते. या रूपाला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पट्टीत कोंडायला फारसे काही नव्हतेच.

मग त्याच ट्रकच्या गिअरचे काय? त्यातही मुळात कार्बन शेकडा ०.२ च्या आसपासच, त्या पट्टीसारखा! पण सोबत क्रोमियम, मँगनीज किंवा निकेल असते. हे सोबती कार्बनच्या निसटण्याला उशीर लावतात, म्हणून तेलात जरा सावकाश गार केले तरी जाड तुकडा बराच आतपर्यंत कठीण होतो. आणि कार्बन थोडा असल्याने काचेसारखा तडकत नाही. दात झिजू नयेत म्हणून त्याआधी कार्बनयुक्त वायूत ९०० अंशांच्या वर कित्येक तास ठेवून सालीला जास्तीचा कार्बन पाजलेला असतो. वणीच्या एखाद्या गॅरेजात असा मोडलेला दात सापडला तर हातात घेऊन पाहावा: कडेने मिलिमीटरभर रेशमी, करडी साल आणि आत तंतूतंतूंचा खरखरीत गाभा. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.