थ्री फेज!

सव्वीस वर्षं मी मोटरी भरतोय. इचलकरंजीत लूमची जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवं वाइंडिंग भरायचं, वार्निश द्यायचं, की झालं. मोटरीबद्दल आता नवीन काही कळायचं राहिलेलं नाही अशी माझी समजूत होती. गेल्या रविवारी माझी भाची दुकानात आली. ती एम.एस्सी. करते, मायक्रोबायोलॉजीत. टेबलावरच्या उघड्या मोटरीकडे बघून म्हणाली, "मामा, अशा मोटरी तुमच्या पोटातल्या जंतूंतपण आहेत."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तिनं मोबाइलवर चित्र काढून दाखवलं आणि माझ्या हातातला पाना हातातच राहिला. रोटर, स्टेटर, मधोमध शाफ्ट! ही नावं माझी नव्हेत हां, शास्त्रज्ञच तिला रोटर आणि स्टेटर म्हणतात. चार दिवस झाले, मला दुसरं काही सुचत नाही. गिऱ्हाइकं मोटर मागायला येतात आणि मी त्यांना ही मोटर सांगत बसतो.

तिचं नाव एटीपी सिंथेस. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्या पटलात ती बसवलेली असते. पटलाबाहेर प्रोटॉन साठतात, आत यायला धडपडतात, आणि आत यायची वाट या मोटरीतूनच जाते. कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतं तसे हे प्रोटॉन रोटर फिरवतात. रोटरबरोबर शाफ्ट फिरतो आणि वरच्या डोक्यात एटीपी तयार होतं. पेशीची सगळी कामं ज्या इंधनावर चालतात ते हे एटीपी. आपल्या पेशींतही अशाच मोटरी आहेत, आणि माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्चून टाकतो!

मग माझ्या मिस्त्रीच्या डोक्यात पहिला प्रश्न आला. ही उघडली कुणी? या मोटरीचं डोकं इतकं बारीक की एका मिलिमीटरवर रांगेनं एक लाख बसतील. तिथं पाना कसा लावायचा?

उत्तर ऐकलं आणि मी उडालोच, कारण ते तर आमच्याच धंद्यातलं! बंद मशीन कळत नसलं की आम्ही एकेक वायर सोडवतो आणि काय थांबतं ते बघतो. या लोकांनी तेच केलं. फक्त वायरीऐवजी जनुकातलं एकेक अक्षर बदललं. म्हणजेच म्युटेशन. प्रोटीन ही अमिनो आम्लांची साखळी असते. अक्षर बदललं की साखळीतली एक कडी बदलते आणि बिघाड नेमका तिथं होतो.

सुरुवात झाली ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला. १९७१ साली फ्रँक गिब्सन, ग्रॅहॅम कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बिघडलेले ई. कोलाय हुडकले. त्यांची युक्ती बघा. ग्लुकोज दिलं तर जिवाणू या मोटरीशिवायही थोडं एटीपी बनवून जगतो. सक्सिनेट नावाचं खाद्य दिलं तर मोटर लागतेच. म्हणून ग्लुकोजवर वाढणारे आणि सक्सिनेटवर उपाशी मरणारे तेवढे वेचायचे. हे जिवाणू ऑक्सिजन वापरत होते, पण पदरात एटीपी पडत नव्हतं. क्लच घसरलेल्या गाडीचं इंजिन नुसतंच गरगरतं, तसं.

पुढची गोष्ट तर मी भाचीकडून तीनदा ऐकली. रोटर म्हणजे दहा सारख्या प्रोटीनांची चकती. प्रत्येकात ७९ कड्या, आणि साखळी मधोमध दुमडून तिचे दोन पाय केलेले. त्यातली ६१ वी कडी ॲस्पार्टिक आम्लाची. येणारा प्रोटॉन तिच्यावरच बसतो. तिच्या जागी जवळपास तेवढ्याच आकाराची, पण प्रोटॉन धरू न शकणारी कडी घातली की मोटर बंद. समोर स्टेटरमध्ये २१० व्या जागी आर्जिनिन आहे. त्याच्याऐवजी तितकाच धन भार असलेलं लायसिन घातलं तरी मोटर बंद! अमेरिकेत विस्कॉन्सिनला रॉबर्ट फिलिंगेम यांच्या प्रयोगशाळेनं १९९० साली तर कमालच केली. ६१ वरची ती महत्त्वाची कडी काढून टाकली आणि शेजारच्या पायावर २४ व्या जागी नेऊन बसवली. जिवाणू सक्सिनेटवर पुन्हा वाढला! मूळच्याइतका जोमानं नाही, पण वाढला. म्हणजे २४ आणि ६१ या जागा एकमेकींना लागून असणार, हे आत न डोकावता कळलं. मी आजवर टर्मिनल बदलून मोटरी चालवल्यात, पण इतक्या बारकाईनं? छे!

आणि आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. मोटरीच्या डोक्यात एटीपी बनवणाऱ्या जागा किती? तीन. एकमेकींपासून किती अंशांवर? १२०! थ्री फेज! मी दुकानात ओरडलोच. पॉल बॉयर यांचं म्हणणं होतं की शाफ्ट फिरतो तशा या तीन जागा आळीपाळीनं कच्चा माल घेतात, एटीपी घडवतात आणि सोडतात. कुठल्याही क्षणी तिघींची अवस्था वेगळी. १९९४ साली जॉन वॉकर यांच्या गटानं गाईच्या हृदयातल्या अशाच मोटरीच्या डोक्याची रचना उलगडली, तेव्हा तीन जागा खरोखरच तीन अवस्थांत सापडल्या. १९९७ साली दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी जपानमध्ये नोजी, योशिदा, किनोशिता या मंडळींनी ती फिरताना दाखवली. इथंही म्युटेशनच, पण या खेपेला बिघाडासाठी नव्हे, हुक बसवायला! गरम पाण्यात राहणाऱ्या जिवाणूची मोटर घेतली. तिच्या शाफ्टमध्ये मुद्दाम सिस्टिनची कडी घातली, कारण सिस्टिनमधल्या गंधकाला काहीतरी अडकवता येतं. बुडाला हिस्टिडिनच्या कड्या जोडून डोकं काचेला पक्कं चिकटवलं. शाफ्टला ॲक्टिनचा चमकणारा धागा बांधला, मोटरीच्या कितीतरी पट लांब. वरून एटीपी ओतलं, म्हणजे मोटर उलटी चालवली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा फिरायला लागला. गोल गोल, एकाच दिशेनं! पुढं एटीपी अगदी थोडं दिलं तेव्हा तो दर १२० अंशांवर थांबत थांबत फिरताना दिसला. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते घरच्यांना विचारा.

भाची जाता जाता आणखी एक सांगून गेली. क्षयरोगाच्या जंतूला मारणारं एक नवं औषध सापडलं होतं, पण ते नेमकं कुठं घाव घालतं ते समजत नव्हतं. मग त्या औषधाला न जुमानणारे जंतू वेचून त्यांची जनुकं तपासली. २००५ साली कोएन अँड्रिस आणि सहकाऱ्यांनी छापलं की बदल याच मोटरीच्या रोटरमध्ये आहे, एका कडीचा. औषध रोटरच अडवत होतं. त्याचं नाव बेडाक्विलिन. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी आपल्या सरकारी कार्यक्रमातही ते २०१६ पासून देतात.

ती एक कडी माझ्या डोक्यातून जात नाही. अर्धवट औषध घेतलं की कडी बदललेले जंतूच मागं उरतात आणि वाढतात. तेव्हा घरात, शेजारी कुणाला टीबीच्या गोळ्या चालू असतील, तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू देऊ नका.