न्हाणीला छप्पर नसते तेव्हा

शनिशिंगणापूरला जाणारा रस्ता आमच्या घोडेगावातून फुटतो. शिंगणापुरातल्या घरांना परंपरेने दारे नसतात, हे देशभर ठाऊक आहे. पण चौकट उघडी दिसली म्हणून कुणी परका थेट चुलीपर्यंत जात नाही. तो ओट्याशी थांबतो, हाक मारतो, आतून ‘या’ म्हटल्यावर पाऊल टाकतो. फौजदारी वकिली करताना खासगीपणाविषयी मी अनेक निकाल वाचले. त्यांचे सार या रिवाजात आहे.

आपल्या कायद्याने घर राखले ते समोरून. 1962 मध्ये खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पाळतीवरच्या माणसाच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाणे घटनाबाह्य ठरवले. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने आधी कारण लिहायचे आणि ती नोंद 48 तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. ठाणेदाराला हे कटकटीचे वाटते. मला ते नागरिकाचे कवच वाटते.

पण वरून घर टिपणाऱ्या पोलिसांच्या ड्रोनसाठी यातले काहीच लागत नाही. ना पंच, ना कारण, ना दंडाधिकारी. आणि आमच्याकडे तर वस्तीवरचे निम्मे जगणे आभाळाखाली असते. न्हाणीला चारी बाजूंनी पत्रे किंवा कूड, वर काही नाही. उन्हाळ्यात बायामाणसे गच्चीवर, अंगणात झोपतात. बाळंतीण लेकराला घेऊन उन्हात बसते. हा आडोसा जमिनीवरून बघणाऱ्यासाठी उभारलेला आहे. शहरातल्या बंद फ्लॅटमधल्या बाईपेक्षा शेतवस्तीवरच्या बाईला वरच्या कॅमेऱ्याचा धोका जास्त आहे, आणि या विषयावरच्या चर्चेत तिचे नाव क्वचितच निघते.

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री अनोळखी ड्रोन फिरत असल्याची भीती पसरली. माणसे काठ्या घेऊन गस्त घालू लागली. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन घिरट्या घालत असल्याचा विषय विधिमंडळात गाजला. चोर टेहळणी करत असतील, या धास्तीने लोक जागले. तोच ड्रोन पोलिसांचा असता, तर त्याने काय टिपले आणि ते कुठे ठेवले, हे विचारायला त्यांच्या हाती कोणता कागद होता?

2021 चे ड्रोन नियम वजन, नोंदणी आणि हिरवे, पिवळे, लाल हवाई क्षेत्र ठरवतात. खालच्या माणसाच्या खासगीपणाची काळजी घेणे हे त्यांचे काम नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यांना मोठी सूट देतो. उरतो तो 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल: खासगीपणा मूलभूत हक्क आहे, सरकारला त्यावर मर्यादा आणायची तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. फ्रान्समध्ये 18 मे 2020 रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पॅरिस पोलिसांचे टाळेबंदीतले ड्रोन थांबवले, कारण खासगीपणाच्या संरक्षणाची चौकटच नव्हती. त्याच काळात पुण्या-मुंबईतही पोलिसांचे ड्रोन उडत होते.

ड्रोन नकोच, असे मी म्हणत नाही. शनी अमावास्येची गर्दी सांभाळायला, प्रवरा-गोदावरीच्या पुरात अडकलेला माणूस शोधायला, नदीपात्रातला वाळूउपसा पकडायला तो वापरावाच. पण एखाद्या घरावर किंवा वस्तीवर तो न्यायचा असेल, तर झडतीचेच नियम लावा: जागा, वेळ आणि कारण आधी लेखी, प्रत दंडाधिकाऱ्याकडे. जीव वाचवण्याची घाई असेल तर उड्डाणानंतर लगेच नोंद. गुन्ह्याशी संबंध नसलेले चित्रीकरण ठरलेल्या मुदतीत पुसायचे. मोर्चातले चेहरे ओळखून यादी करायला मात्र पूर्ण बंदी हवी. ज्याला आपली नोंद होईल अशी भीती वाटते, तो पुढच्या वेळी घरीच बसतो.

यासाठी राज्याचा कायदा लागेल, आणि तो मागितल्याशिवाय येणार नाही. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. गावावर पोलिसांचा ड्रोन उडाला, तर तो कोणत्या आदेशाने उडाला आणि चित्रीकरण किती दिवस ठेवले जाईल, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडा, आणि मांडताना बायांना पुढे बसवा.